ब्रेक ऑईल बघितलं का कुणी? – वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

गणपती तोंडावर आलेत आणि गाड्या कोकणात निघायच्या तयारीत आहेत. मागच्या अंकात लिहिलं होतं की गाडीबद्दल काय विचारायचंय ते पाठवा, तर मेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीकडे ढीग लागला. निम्मे प्रश्न ॲव्हरेज आणि पिकअपचे आहेत, ते पुढच्या वेळी बघू. या वेळी फक्त तेच प्रश्न घेतलेत ज्यात गाडीची देखभाल आणि ॲक्सिडेंट यांचा सरळ संबंध येतो. एक आधीच सांगून टाकतो, २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि सरकारी आकडेवारीत त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त ओव्हरस्पीडच्या खात्यात आहेत, त्यामुळे सर्व्हिसिंग चोख ठेवलं म्हणजे वाट्टेल तसं पळवायला मोकळे असं कुणी समजू नका. पण त्या वेगात गाडी का थांबली नाही, टायर कसे होते, ब्रेक कसा होता, हे त्या आकड्यात दिसत नाही, आणि माझं काम तिथूनच सुरू होतं.

प्रश्न (कराड): आमची डिझेल सेव्हन सीटर ५ वर्षांची आहे, सर्व्हिसिंग सगळं वेळेवर आणि कंपनीतच. मे महिन्यात गुहागरला निघालो होतो, गाडी फुल्ल, वर कॅरिअरला बॅगा. कुंभार्ली घाट उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेक पेडल एकदम मऊ लागायला लागलं, पाय जवळपास तळाला जात होता. कसंबसं पोफळीपर्यंत आलो, चहा घेतला, अर्ध्या तासाने ब्रेक परत नॉर्मल! नंतर सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर म्हणाले काहीच प्रॉब्लेम नाही. मिसेस म्हणतात गाडी विका.

उत्तर: दादा, गाडी विकू नका, ब्रेक ऑईल बदला. वहिनींना सांगा काही शेकड्यांत काम होतंय.

तुमचं वाचून मला नव्वद टक्के वाटतंय की ब्रेक ऑईल उकळलं. हे ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं, ऑईलच्या टाकीचं झाकण कितीही घट्ट असलं तरी होजपाइपच्या रबरातून, टाकीच्या श्वासातून ओल आत जातेच, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस म्हणल्यावर विचारूच नका. आता आकडे बघा. ब्रेक ऑईलचे डॉट ३, डॉट ४ असे ग्रेड असतात. डॉट ४ ऑईल नवीन असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या ऑईलसाठी तेच प्रमाण १५५ वर येतं. डॉट ३ असेल तर २०५ वरून थेट १४०. घाटात पाय ब्रेकवरच ठेवून उतरलं की चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला धरणारे पॅड इतके तापतात की ती उष्णता पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधून ऑईलपर्यंत पोचते, ऑईल उकळतं, लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. ऑईल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून तुमचा पाय खाली गेला आणि गाडी थांबेना. अर्ध्या तासात सगळं गार झालं, वाफेचं परत ऑईल झालं आणि पेडल जागेवर आलं. सर्व्हिस सेंटरवाले खोटं बोलत नव्हते बरं का, गार गाडीत हा दोष सापडतच नाही, कारण तो असतोच तासाभराचा.

आता तुमचं जॉबकार्ड काढून नीट वाचा. तिथे ब्रेक ऑईल ‘टॉप-अप’ लिहिलंय की ‘रिप्लेस’? माझी पैज आहे की टॉप-अप असणार. बहुतेक कंपन्या दर २ वर्षांनी किंवा ४० हजार किलोमीटरच्या आसपास हे ऑईल पूर्ण बदलायला सांगतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असेलच, पण सांगतं कोण आणि विचारतं कोण! आणि नुसतं टॉप-अप करणं मला तर अजिबातच आवडत नाही, कारण ऑईलची लेव्हल खाली जाते ती बऱ्याचदा पॅड झिजल्यामुळे, पॅड पातळ झालं की कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं ऑईल तिकडे जातं. म्हणजे टाकी सांगत असते की बाबा रे पॅड बघ, आणि आपण वरून ऑईल ओतून तिचं तोंड बंद करतो. पॅड नवीन असतं तेव्हा त्याचा मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, ३ वर आला की बदलायचाच. चाक काढल्याशिवाय हे नीट दिसत नाही, म्हणून सर्व्हिसिंगला गेलात की स्वतः उभं राहून चाकं काढायला लावा, लाजू नका. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर ते उघडून लायनर, म्हणजे ड्रममधलं पॅडच, साफ आणि ॲडजस्ट करायला सांगा, मागचा ब्रेक नीट धरत नसेल तर सगळा भार पुढच्यावर येतो आणि तो अजून तापतो.

राहिलं चालवण्याचं. जुने ड्रायव्हर सांगायचे की ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतर, आणि ते आजही शंभर टक्के खरंय, ऑटोमॅटिक गाडीत सुद्धा मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ म्हणजे खालचा गिअर असतो ते याचसाठी. न्यूट्रल तर कधीच नाही. पुण्याच्या नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या होत्या, तेव्हाही आधी ‘ब्रेक फेल’ म्हणून सगळीकडे आलं आणि प्राथमिक तपासात निघालं की ड्रायव्हरने उतारावर इंजिनच बंद केलेलं. मोठ्या गाडीला एअर ब्रेक असतो आणि त्याची हवा इंजिनच भरतं. आपल्या कारलाही इंजिन बंद झालं की बूस्टरची, म्हणजे ब्रेक पेडल हलकं ठेवणाऱ्या यंत्रणेची, मदत दोन-तीन वेळा पाय मारेपर्यंत टिकते, मग पेडल दगडासारखं होतं आणि स्टेअरिंगही जड.

आणि देव न करो पण पुन्हा पेडल खाली गेलंच तर पाय पटापट मारून पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक एकदम खेचू नका तर बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, आणि डोंगराच्या बाजूला रहा, दरीच्या नाही. कार थांबली की चाकांवर पाणी मारू नका, तापलेली डिस्क वाकडी होते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मी महिन्यातून एकदा समृद्धीने नागपूरला जातो. गाडी २०१८ ची, रनिंग फक्त ३१ हजार, टायर कंपनीचेच आहेत, नक्षी एकदम छान आहे. टायरवाला म्हणतो बदला, मला वाटतं त्याला विकायचेत. शिवाय मित्राने सांगितलं की समृद्धीवर टायर तापून फुटतात म्हणून निघताना हवा ४-५ पॉइंट कमी ठेवायची. बरोबर आहे का? नायट्रोजन भरू का?

उत्तर: मित्राचं ऐकू नका, टायरवाल्याचं ऐका. असं मी क्वचितच म्हणतो.

आधी हवेचं. हा गैरसमज इतका पसरलाय की मला त्याचीच जास्त भीती वाटते. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा जास्त झाली म्हणून नाही तर कमी असते म्हणून. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते, दबते आणि सुटते, आणि १२० च्या स्पीडला हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा होतं. एक तार सारखी वाकवून बघा, कशी गरम होऊन तुटते, तसंच आत दोऱ्यांचं आणि रबराचं होतं, थर सुटतात आणि मग एकदम पट्टा उडतो. समृद्धीवर कारला १२० ची लिमिट आहे, रस्ता काँक्रीटचा, सरळ, ७०१ किलोमीटर, मध्ये सिग्नल नाही की गाव नाही, म्हणजे टायरला गार व्हायला जागाच नाही. शहरात हाच टायर वर्षभर चालतो, काही होत नाही, कारण तिथे दर दहा मिनिटांनी थांबतो आपण.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की खांबावर स्टिकर असतो, त्यावर हवा लिहिलेली असते, दोन माणसांची वेगळी आणि फुल्ल लोडची वेगळी. तेवढीच भरायची, सकाळी टायर गार असताना. गाडी चालली की ३-४ पीएसआय वाढतात ते कंपनीने धरलेलंच असतं, मध्ये टोलनाक्याजवळ थांबून वाढलेली हवा सोडायचा उद्योग करू नका, ती गार झाल्यावर कमी पडते. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, भरला तर वाईट काही नाही, पण नायट्रोजन भरलाय म्हणून तीन महिने गेज लावायचं नाही हे मात्र वाईट. पंधरा दिवसांतून एकदा हवा चेक करा आणि लांब निघताना तर कराच. स्टेपनीची पण! स्टेपनीत हवाच नाही हे लोकांना रात्री रस्त्यावर कळतं, आणि जर ती बारकी पातळ स्टेपनी असेल तर तिच्यावर ८० च लिहिलेलं असतं, ते वाचा.

आता वय. टायरच्या बाजूला ‘डॉट’ (DOT) अशी अक्षरं असतात, ब्रेक ऑईलच्या डॉटशी यांचा संबंध नाही, त्यांच्या पुढचे शेवटचे चार आकडे बघा, समजा २६१८ असेल तर तो २०१८ च्या २६ व्या आठवड्यातला. रबर चालो न चालो, म्हातारं होतंच, त्यातून मराठवाड्याचं ऊन. कंपन्या ५ वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यायला सांगतात आणि १० वर्षांच्या पुढे तर वापरूच नका म्हणतात. तुमची नक्षी छान आहे कारण गाडी उभी असते, पण टायर पूर्ण आत वळवून, टॉर्च घेऊन नक्षीच्या तळाशी आणि भिंतीवर बघा, केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तो टायर गावात भाजी आणायला ठीक, समृद्धीला नाही. नवीन घेताना साइजच्या शेवटचं अक्षर बघून घ्या, टी म्हणजे १९० पर्यंत, एच म्हणजे २१०. कंपनीने जे दिलंय त्याच्या खालचं स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका.

नक्षीचा कायदा १.६ मिलिमीटरचा आहे. खाचेत मध्ये मध्ये बारका उंचवटा असतो, टायर झिजून त्याच्या लेव्हलला आला की संपला. पण मी स्वतः पावसाळ्याच्या आधी ३ मिलिमीटरलाच बदलतो, कारण साठलेलं पाणी बाजूला ढकलायचं काम त्या खाचाच करतात, त्या उथळ झाल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि मग स्टेअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक मारा, गाडी तिला पाहिजे तिकडेच जाते.

प्रश्न (ठाणे): पावसात रात्री समोरच्या गाडीचा लाइट पडला की काचेवर सगळं पांढरं होतं, काही दिसत नाही. वायपर मागच्याच वर्षी बदललेत. डोळे तपासले, नंबर ठीक आहे.

उत्तर: ताई, डोळे तपासलेत हे उत्तम, आता काच तपासू. काचेवर ट्रकच्या धुराचा आणि वॉशिंगवाल्याने मारलेल्या पॉलिशचा तेलकट थर बसतो, पाणी पडलं की तो पसरतो आणि लाइट त्यावर फुटतो. बाहेरून काच शाम्पूच्या पाण्याने दोन-तीनदा घासून धुवा, कोरड्या फडक्याने पुसा, मग आतून पण, आतली काच कुणीच पुसत नाही आणि तिथे डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकचा थर असतो. वायपर ‘मागच्याच वर्षी’ म्हणजे या वर्षी बदलायचे झाले, रबर पावसाने नाही उन्हाने मरतं, आठ महिने तापलेल्या काचेला चिकटून बसलेलं असतं ते. ब्लेड काढून बोटाने कड चाचपा, खरखरीत किंवा लाटेसारखी लागली की गेलं. वॉशरच्या टाकीत पाणी आहे का ते बघा, पावसाळ्यात ती रिकामी असते कारण वाटतं पाऊस आहे की!

आणि आत वाफ धरते तेव्हा एसी चालू करून हवा काचेवर सोडा, आतलीच हवा फिरवायचं बटण बंद. काही जण पावसात एसी नको म्हणून बंद ठेवतात आणि एका हाताने फडकं फिरवत गाडी चालवतात. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदात १६-१७ मीटर जाते, तीन सेकंद काच पुसलीत तर पन्नास मीटर आंधळेच.

प्रश्न (सोलापूर): हेडलाइटचा उजेड कमी पडतो, १००/९० चा बल्ब टाकू का एलईडी?

उत्तर: दोन्ही नको. तुमच्या गाडीचा एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा, वायर आणि होल्डर त्या हिशोबाचे, जास्त वॅटने होल्डर वितळलेले मी दर सीझनला काढतो, आणि वायर कापून जोड मारली असेल तर आग लागायला वेळ लागत नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी टाकला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त, तो आंधळा झाला तर येऊन धडकणार तुम्हालाच. आधी हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या, अर्धा उजेड तिथेच अडकलेला असतो. मग भिंतीसमोर उभी करून सेटिंग. आणि स्टेअरिंगच्या उजवीकडे ० ते ३-४ आकड्यांचं छोटं चाक असेल ते बघा, डिकी भरली की मागून गाडी बसते आणि लाइट आभाळात जातो, ते चाक फिरवून खाली आणायचा असतो. दहा वर्षं गाडी वापरून ते कशाचं आहे हे माहीत नसलेले लोक भेटतात.

प्रश्न (नाशिक): बाबांची वॅगनआर १४ वर्षांची आहे. ते म्हणतात इन्शुरन्स आहे, पीयूसी आहे, इंजिन मक्खन आहे, अजून काय पाहिजे. मला ती ८० च्या वर गेली की हातात थरथरते आणि डावीकडे ओढते. माझा भाऊ इंग्लंडमध्ये असतो, तिकडे म्हणे गाडीला ३ वर्षं झाली की दरवर्षी टेस्ट असते. आपल्याकडे असं काही नाही का?

उत्तर: आहे, पण उशिरा आहे. तिकडच्या एमओटी टेस्टमध्ये ब्रेक, टायर, स्टेअरिंग, सस्पेन्शन, लाइट सगळं दरवर्षी बघतात आणि नापास झाली तर गाडी घरी. आपल्याकडे प्रायव्हेट कारला रजिस्ट्रेशनची १५ वर्षं होईपर्यंत फिटनेस बघायला कुणी येत नाही, त्यानंतर ५-५ वर्षांनी. पीयूसी फक्त धूर बघते हो, ब्रेक नसलेल्या गाडीला पण पीयूसी मिळेल. म्हणजे मधली १४-१५ वर्षं आपले आपणच इन्स्पेक्टर.

काकांना माझ्यातर्फे नमस्कार सांगा आणि म्हणावं इंजिन मक्खन आहे ते चांगलंच, पण इंजिन बिघडलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, पुढचं चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट सुटला तर राहत नाही. थरथर ठराविक स्पीडलाच येत असेल तर बहुधा व्हील बॅलन्सिंग, ओढत असेल तर अलाइनमेंट किंवा एका बाजूचा ब्रेक चिकटतोय, किंवा नुसती हवा कमी-जास्त. पण १४ वर्षांत खालचे बुश आणि जॉइंट बदललेत का ते विचारा. कुठल्याही मिस्त्रीकडे पुढचं चाक जॅकवर उचलायला लावा, खाली स्टँड लावून. चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवायचं, खडखड लागली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग डावी-उजवी बाजू धरून हलवायचं, तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला तर स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंग बॉक्स. पाच मिनिटांचं काम आहे आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून स्वतःच्या हाताने हलवून बघा, एकदा तो खडखडाट हाताला लागला की काकांना वेगळं पटवावं लागत नाही. शॉकॲबसॉर्बर तेल गळतायत का तेही त्याच वेळी बघा, गेलेला शॉकअप म्हणजे खड्ड्यावर टायर उड्या मारतो, आणि हवेतला टायर ब्रेक काय लावणार.

प्रश्न (पिंपरी): दर सर्व्हिसिंगला बिल १२-१५ हजार येतं. त्यातलं काय कापलं तर चालेल?

उत्तर: अंडरबॉडी कोटिंग दरवर्षी, इंजिन डिकार्ब, एसी डिसइन्फेक्ट, इंटिरियर एनरिचमेंट, टेफ्लॉन, हे सगळं कापा. खोटं नाही त्यात काही पण तुमचा जीव त्यावर अवलंबून नाही. वाचलेल्या पैशात ब्रेक ऑईल, वायपर, अलाइनमेंट-बॅलन्सिंग सहज बसतं आणि दोन-तीन वर्षांत टायरचे पैसे साठतात. डॅशबोर्डवर एबीएसचा किंवा एअरबॅगचा दिवा कायम पेटलेला असेल तर ते काम मात्र पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलू नका. एबीएस जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ देत नाही, त्याचा दिवा म्हणजे ओल्या रस्त्यावर चाकं जाम होऊ शकतात, एअरबॅगचा म्हणजे वेळेला ती उघडेल याची खात्री नाही. काही जण तो दिवा दिसू नये म्हणून वायरिंगमध्ये जुगाड करून घेतात, असं करणाऱ्या मेकॅनिककडे परत जाऊ नका. आणि साइड एअरबॅग असलेल्या सीटवर घट्ट कव्हर शिवून घेऊ नका, एअरबॅग शिवणीतूनच बाहेर यायची असते.

प्रश्न (चिपळूण): खूप साधा प्रश्न आहे, हसू नका. परशुराम घाटात पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकखाली आली होती. यावर काही उपाय?

उत्तर: हसण्यासारखं काहीच नाही, सगळ्यात खरा प्रश्न हाच आहे. ब्रेक ऑईल नवीन, पॅड नवीन आणि पेडलखाली बाटली, तर सगळं फुकट. ड्रायव्हरच्या पायाशी काहीही ठेवायचं नाही, सीटखाली पण नाही, उतारावर तिथूनच पुढे येतं. मॅटवर दुसरी मॅट टाकू नका, पावसात चिखल होतो म्हणून लोक वर्तमानपत्र आणि वर रबरी मॅट टाकतात ती सरकून ॲक्सिलरेटरला अडकते. कंपनीच्या मॅटला मागे हूक असतो, वॉशिंगवाला तो कधीच परत लावत नाही, गाडी धुऊन आली की आधी तो बघा.